मागच्या सीटखालची बॅटरी

नाही नाही, गादी तशी ओढू नका, मिस्त्री, मागून हुक आहेत तिला — मीच लावलेत, मी शिवणकाम करते ना, ह्या गाडीतल्या गाद्या, पडदे, ती कप्प्याकप्प्यांची पिशवी, सगळं माझ्या हातचं — हां, आता उचला. ही बघा बॅटरी. पुढची वेगळी, ती इंजिनाची. ही घरातली, म्हणजे गाडीतच जे घर केलंय ना आम्ही, त्याचे दिवे, पंखा, तो छोटा फ्रीज, सगळं हिच्यावर. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचा धंदाच तो. आणि मी बसते ती बरोबर हिच्या डोक्यावर. हो, मागेच. पुढे दोनच सीटा ना — एक आमच्या ह्यांची, आणि दुसरी — दुसरीवर माझी धाकटी बहीण बसते. तिला नकाशा कळतो म्हणून. मला मागे बसलं की मळमळतं, पण ते काही नकाशात दिसत नाही.

किती दाखवतोय मीटर? साडेअकराच्या खाली? मग संपलीच की. बाद झाली म्हणा. बाद झालीय, नवी टाकावी लागेल, नवी यायला दहा दिवस लागतील — असं सांगा आमच्या ह्यांना, येतील एवढ्यात, दोघं बाजारात गेलीत. तिसरा चार्जर आणायला. हो, तिसरा. हसू नका, किंवा हसा, मीही हसले, पण तोंडात पदर कोंबून. तुम्हाला दिसलंच असेल ना, चार्जरची पिन कुठं खोचलीय ते? बघा ना नीट. ह्या इकडच्या, गाडीतल्याच बोर्डात. आणि त्या बोर्डात करंट कुठून येतो? इन्व्हर्टरमधून. आणि इन्व्हर्टर कशावर चालतो? ह्याच बॅटरीवर. म्हणजे बॅटरीतून काढायचं आणि बॅटरीतच घालायचं, आणि मधल्या मधे गरम होऊन निम्मं वाया — आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आणि हे कुणी केलं? ज्यांनी पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढले त्यांनी. तो बघा दाराला चिकटवलेला कागद — लाल वायर, काळी वायर, प्रत्येक फ्यूजला नंबर, अक्षर तर असं की फ्रेम करावी. पण घरातून लांब वायर ओढायचा कंटाळा. म्हणाले, बोर्ड इथं हाताशी आहे, आतूनच चार्ज करू. खिडक्या उघडल्या, हवा खेळती हवी म्हणाले, चार्जरचा दिवा हिरवा झाला तसे खूश झाले, जेवायला बसले. सकाळी बघतात तर इन्व्हर्टर टी-टी-टी करतोय आणि बॅटरी आदल्या दिवसापेक्षा रिकामी. मग काय — चार्जर खराब. दुसरा आणला. तोही तिथंच लावला. तोही खराब.

मला? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. का बोलले नाही — अहो, मला विचारलं कुणी? मी बोलले असते तर म्हणाले असते, तुझं शिवण बघ. नाही, असं रागानं नाही म्हणत ते, प्रेमानंच म्हणतात, तेच तर. "तुला कशाला हा ताप?" असं म्हणतात. आणि धाकटीला सगळं समजावून सांगतात. ही गाडी बांधत होते तेव्हा — ती सुट्टी काढून आली होती मदतीला, दवाखान्याच्या लॅबमध्ये असते ती, दुसऱ्या गावाला — तर दोघं इथं जमिनीवर मांडी घालून बसायची, मध्ये वायरींचा ढीग, आणि हे सांगताहेत, ही बॅटरी भरली म्हणजे बारा पूर्णांक सात दाखवते, गाडी चालू असली की इंजिन हिला भरतं, मधे एक फ्यूज असतो, तो गेला की संपलं. आणि मी त्या दारात बसून पडद्याला काठ घालत होते. सुई इकडे, कान तिकडे. सगळं पाठ झालं मला. तिला एकदा सांगावं लागायचं, मला कुणी एकदाही सांगितलं नाही, तरी पाठ झालं. आणि मधूनच हसायची दोघं. हे हसतात ना, मनापासून, तेव्हा खोकला येतो ह्यांना, डोळ्यांत पाणी येतं. माझ्याबरोबर त्यांना तसा खोकला कधी आला — आठवावं लागेल. अकरा वर्षांनी धाकटी आहे माझ्याहून. तिच्या वेण्या मी घातल्यात, तिचे शाळेचे फ्रॉक मी शिवलेत, तिला गोवर झाला तेव्हा रात्र रात्र मी बसलेय. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना, तसं झालंय.

तसं काही नाही हो. तुम्ही भलतं समजू नका. तसं काही असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. चांगली आहेत हो दोघं, वाईट मीच. मला सांगा, ज्यांनी काही केलेलंच नाही त्यांच्यावर कुणी कसं रागवायचं? मला नुसतं बघवत नाही. समुद्राच्या कडेकडेनं आठ दिवस जायचं ठरलंय, परवा निघायचं. पहिल्यांदा ठरलं तेव्हा दोघंच होतो, हे आणि मी. मग तिची सुट्टी शिल्लक निघाली. मग हे म्हणाले, चल की तूही. मग तीही म्हणाली, ताईला चालेल का? माझ्यासमोर विचारलं, म्हणजे मी काय म्हणणार? चालेल म्हटलं. आणि वर आठ दिवसांचा फराळ करायला घेतला. तिला आवडतो तो.

आता पुढे कुठं निघालात? बॉनेट कशाला उघडताय — तिकडचं काही बिघडलेलं नाही, गाडी चालू होते ना फटक्यात? बिघाड मागेच आहे. अहो मिस्त्री. बरं, उघडा, तुम्ही ऐकणार थोडेच. नाही, ती फ्यूजच्या डबीची टोपी घट्ट असते, डावीकडून नख घाला — मला कसं माहीत? ऐकलं होतं. कागदावर लिहिलंय. रिकामं आहे का ते? पडला असेल मग. खड्डे काय कमी आहेत रस्त्यात? दोन स्क्रूमध्ये बसतो म्हणता? कसा पडेल म्हणता? मग... बघू नका असं माझ्याकडे. चोराच्या मनात चांदणं, आणि तुम्ही तर टॉर्च मारताय तोंडावर. तो बंद करा आधी.

मी काढला. मागच्या सोमवारी, हे दाढी करत होते तेव्हा. आधी पान्यानं वायर सोडवली, पुढच्या बॅटरीची, कारण हे तिला सांगत होते की आधी ती सोडवावी, नाहीतर ठिणगी उडते. मग दोन्ही स्क्रू सैल केले, फ्यूज काढला आणि वायर होती तशी परत लावली. माझ्या बटणांच्या डब्यात आहे फ्यूज, कोटाच्या मोठ्या बटणांखाली. मोडलेला नाही, काही नाही. मग मंगळवारी ही दोघं गाडी फिरवून आणायला गेली दिवसभर, मला म्हणाली, ये की, पण मला ब्लाउज द्यायचे होते तिघींचे — आणि खरं सांगू? म्हटलं, बघू या. दिवसभर गाडी चालली तरी बॅटरी भरली नाही, संध्याकाळी दिवे बंद, फ्रीजमधलं दूध नासलं. दोघं खाली माना घालून परत आली. मला इतकं बरं वाटलं, मिस्त्री, मी दोघांना गरम गरम जेवायला वाढलं. त्यानंतर हा चार्जरचा घोळ यांनी आपणहून घातला, त्यात माझा हात नाही. मी फक्त मूग गिळून बसले. बॅटरी नाही तर जाणं नाही, आणि दहा दिवसांनी तिची सुट्टी संपते. ती गेली की मी फ्यूज बसवणार होते, गुपचूप, आणि ह्यांना म्हणणार होते, एकदा चालू करून बघा तरी. आणि मग पुढे बसणार होते. नकाशा मलाही शिकता येईल हो. वायरी शिकलेच ना?

म्हणून म्हणते, तुम्ही एवढंच म्हणा, बाद झाली. खोटं नको म्हणता? मग दहा दिवसांनी येतो म्हणा. तेवढं तर खोटं नाही, तुम्ही लोक तसेही दहा दिवसांनीच येता. आणि फ्यूज घेऊन येते मी आतून, थांबा, तुम्हाला नवा — हा कुठून काढलात? हा खिशातला. हा ह्याच मापाचा आहे. तुम्ही घरून घेऊनच आलात? न बघता? तुम्हाला कसं कळलं की फ्यूजच नाहीये — ह्यांनी फोनवर सांगितलं असेल, पण ह्यांना तर चार्जरच वाटतोय. ह्यांनी फोन केलाच नाही? मग कुणी?

धाकटीनं.

काय म्हणाली ती? नाही, नीट सांगा, तिच्याच शब्दांत सांगा. "फ्यूज नाहीये, एक घेऊन या, मी भाओजींना बाजारात घेऊन जाते तोवर बसवा." आणि? "ताई तिथं असेल, तिला काही विचारू नका." कधी केला हा फोन? काल सकाळी. दूध आणायला गेली होती तेव्हा केला असणार. म्हणजे कालपासून ठाऊक आहे तिला, आणि काल दुपारी माझ्याजवळ बसून माझ्या सुईत दोरा ओवून दिला तिनं, मला दिसत नाही म्हणून. आणि काय म्हणाली? बोला ना, एवढं सांगितलंत तर. गाडी दोघांसाठीच तयार हवीय. ती येत नाहीये. ड्यूटीवर बोलावलंय तिला, उद्या सकाळच्या बसनं जाणार. तिला कुणी बोलावलं नाही हो. तिच्या लॅबचा फोन आला असता तर मला ऐकू आला नसता का? एवढंसं घर आमचं.

म्हणजे खोटंही तिनंच बोलायचं, माझ्यासाठी. चोरी माझी आणि मोठेपणा तिचा. हसणं तिचं, नकाशा तिचा, पुढची सीट तिची — ती तर आता उठून देतेय मला, लहान पोराला खेळणं द्यावं तशी. मला ती सीट अशी नको होती, मिस्त्री. मला ती भांडून हवी होती, किंवा ह्यांनी म्हणायला हवं होतं, तू बस पुढे. आता मी तिथं बसले की आठ दिवस मला तीच दिसणार शेजारी. आणि ह्यांना सांगू कसं? सांगितलं तर फ्यूजपासून सांगावं लागेल. नाही सांगितलं तर ती गेली बिचारी कामावर, असं म्हणत हे गाडी चालवणार.

द्या इकडे तो. द्या म्हणते ना. पान्यासकट द्या. तुम्ही नका बसवू, मी बसवते, मला येतं. आधी पुढची वायर सोडवायची, माहीत आहे मला. तुम्ही जा आता. वाटेत ती दोघं भेटली तर धाकटीला सांगा — नाही, काही सांगू नका. जा तुम्ही.