समोरच्या टोकावरनं

न्हाय पावणं, तसं लिहू नका. जुन्या काळात बॉलिंग अवघड होती म्हणून शशिधर मोठा — ह्ये तुमाला कुणी सांगितलं? चौकातल्यांनी? बसा की नीट, ती चपलांची चवड सरकवा पलीकडं. चौकात काय, रोजचंच हाय. एक जण म्हणणार गावसकर मोठा, त्येला हेल्मेट न्हवतं. दुसरा म्हणणार सचिन मोठा, त्येच्यासमोर वॉर्न हाय, मॅकग्रा हाय. दोघं हमरीतुमरीवर आले की एखादा म्हातारा घसा खाकरतो आणि म्हणतो, त्ये सगळं ऱ्हाऊ दे, आमचा शशिधर मॅटिंगच्या पिचवर खेळताना तुमी बघितला न्हाईसा. झालं, सगळी गप. वाद मिटला. आता तुमी पुण्याहनं आलाय, कोल्हापूरचे सगळ्या काळातले अकरा जण पेपरात छापायचे म्हणालाय, आणि माझ्याकडं आलाय — का, तर त्या फायनलला शशिधरच्या समोरच्या टोकाला मी होतो. भीमाप्पा. व्हय, त्योच. झोपलेला भीमाप्पा. लाजताय कशाला, चौकात तुमाला दुकानाचा पत्ता बी तसाच सांगितला आसंल की.

तर ऐका. चौऱ्याहत्तर साल, सांगलीवाल्यांबरोबर फायनल. भिंतीवर, झाडावर, ट्रकच्या टपावर माणसं. मी चाळीस रनांच्या पुढं गेलतो आणि त्यो अजून चाचपडत होता — ह्ये कुणी सांगणार न्हाय तुमाला, त्या दिवशी मी त्येच्यापेक्षा चांगला खेळालतो. त्येनं बॉल कव्हरला ढकलला आणि ‘यस’ म्हणून वरडला. बॉल त्येच्या पुढं, हाक त्येची. मी पळालो. पावणं, क्रिकेटमधी हाक म्हंजे शब्द हाय. मी अर्ध्यात पोचलो आणि बघतोय तर ह्यो दोन पावलं टाकून मागं वळला आणि क्रीजमधी बॅट टेकवून उभा. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. मी फिरलो, सूर मारला, कोपरं सोलली — तवर माझ्या टोकाच्या बेल्स उडालेल्या. मग त्येनं शंभर काढले, मॅच जिंकून दिली, सगळ्या पेठा त्येला खांद्यावर घेऊन नाचल्या. खेळला लई भारी, त्यात खोटं न्हाय.

पण संध्याकाळी सत्कार होता. कुणीतरी माईकवर विचारलं, भीमाप्पाचं काय झालं हो मधीच? आणि ह्यो हसून म्हणतो, ‘भीमाप्पा झोपला होता.’ सगळा मांडव हसला. मी तिथंच बसलेलो, हातात पेढा. एवढंच. दुसरं काय न्हाय. पुढं जिल्ह्याची टीम निघाली, त्यात माझं नाव न्हाय. लग्नाची बोलणी करायला निपाणीकडं गेलतो, तर आमच्या मंडळीचा, गंगव्वाचा भाऊ मला खालवर बघून विचारतो, त्यो झोपलेला तुमीच व्हय? गिऱ्हाईक दुकानात येतं, मी खाली वाकून माप घेत आसलो तरी म्हणतं, ‘अण्णा, जागं हाय न्हवं?’ राग? न्हाय, राग कसला. कवाच विसरलो मी.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती, जी कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला ठाऊक न्हवती. पॅव्हेलियनमधनं ती दिसत न्हाय, बॉलरच्या बाजूला उभारल्यावरच दिसती. ऑफ स्टंपच्या भाईर पडून आत वळणारा बॉल, त्यो बी जरा हळू — आसा आला की शशिधरचा पाय पुढं जायचा आणि बॅट मागं ऱ्हायची. मधी फट. आख्खा बॉल जाईल एवढी. आमच्या काळात तसा बॉल टाकणारा कोण न्हवता इकडं, म्हणून ह्यो मोठा. तुमी मोठा खेळाडू कसा मोजता? रनांनी? रनांच्या फळ्यावर समोरच्या टोकाचा माणूस कुटं दिसतोय?

मग मला पोरगी झाली. प्रेरणा. सात वर्षांची झाली तवा तिच्या हातात बॉल दिला. ह्या दुकानाच्या मागं परडं हाय, तिथं तीन काठ्या रोवल्या, एक खडूची खूण केली आणि सांगितलं, हितं टाकायचा, हिकडनं आत आणायचा. रोज शाळा सुटली की. दिवाळी न्हाय, जत्रा न्हाय. बोटाची सालटी निघायची, गंगव्वा हळद लावायची आणि मला म्हणायची, ‘अवो, पोरीला शिकवा, माझं न्हाय म्हणणं न्हाय. पण दुसरा एखादा बॉल तरी शिकवा की.’ दुसरा कशाला? मला दुसऱ्या कुणाला औट करायचंच न्हवतं.

नव्याण्णवच्या वर्ल्डकपनंतर चौकात वाद लई पेटला. नवी पोरं म्हणालती, तुमचा शशिधर आत्ताच्या काळात शाळेच्या टीममधी बी बसला नस्ता. म्हातारी म्हणालती, आणा तुमचे बॉलर. ठरलं मग, जुने विरुद्ध नवे. पोरांच्या कॅप्टनला मी म्हणालो, माझी पोरगी घे. हसला त्यो. मग नेटमधी तिनं त्येच्याच काठ्या तीनदा पाडल्या, तवा गपगुमान घेतलं तिला. आणि जुन्यांत मी होतोच — झोपलेला का आसंना, फायनलवाला होतो न्हवं.

शशिधर पन्नाशीचा, पोट सुटलेलं, आणि तरीबी पावणं, त्या फास्ट बॉलरना त्येनं आसं हाणलं की पब्लिक येडं झालं. जुना काळच मोठा म्हणून शिट्ट्या. एक विकेट पडली, मी गेलो आत. परत तसंच — त्यो तिकडं, मी हिकडं. एकदा त्यो ‘यस’ म्हणाला, मी जागचा हललो न्हाय. परत जावं लागलं त्येला. मग पोरांनी प्रेरणाला बोलावलं. ती माझ्या शेजारनं पळत जाणार, माझ्या अंगाला वारा लागणार. पहिला बॉल त्येनं मारला, चार. दुसरा अडवला. तिसऱ्याच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. ऑफच्या भाईर पडला, आत वळला, पाय पुढं, बॅट मागं — मधली काठी जमिनीवर.

आणि मी त्या टोकावरनं म्हणालो, सगळ्यांना आईकू जाईल आसं म्हणालो, ‘काय रं शशी, झोपलास व्हय?’

त्येनं माझ्याकडं बघितलं न्हाय. ह्याबी वेळेला न्हाय. बॅट काखेत मारली, सरळ पोरीपाशी आला. म्हणतो, ‘बाळ, ह्यो बॉल कुणी शिकवला?’ ती म्हणाली, ‘अप्पांनी.’ ‘आणि दुसरा कुठला येतो?’ तर म्हणाली, ‘दुसरा न्हाय येत. ह्यो एकच शिकवलाय, तुमच्यासाठी.’ मी मनाशी म्हणालो, आता हासंल, आता कायतरी लागट बोलंल. पण त्येनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘सकाळी ग्राउंडवर ये. बाकीचे मी शिकवतो.’

सकाळी ती बूट घालून दारात. मी आडवा झालो. म्हणालो, त्या माणसाकडं जायाचं न्हाय, त्येनं तुझ्या बापाला काय केलंय ठाऊक हाय न्हवं? ती म्हणाली, ‘ठाऊक हाय अप्पा. लहान हुते तवापास्नं तेवढंच ऐकलंय. तुमी मला एका माणसासाठी एक बॉल शिकवलासा. त्यो माणूस काल औट झाला. आता मी काय करू?’ आणि गेली. गंगव्वानं तिला डबा बांधून दिला, मला न विचारता. आता महाराष्ट्राकडनं खेळती पोरगी, पुण्यातच ऱ्हाती. येती सणाला. बोलती चांगली. क्रिकेटचं न्हाय बोलत माझ्याबरोबर, एवढंच.

तर विचारालासा न्हवं, शशिधर कितव्या नंबरला? एक नंबर लिहा. आसं बघू नका, शुद्धीवर हाय मी. सगळ्या काळात एक नंबर, त्येच्यासारखा झाला न्हाय आणि होणार न्हाय, भीमाप्पानं सांगितलं म्हणून छापा. अहो, त्येला बारीक करून मला काय मिळणार? त्यो जेवढा मोठा, तेवढी माझ्या पोरीची विकेट मोठी. लोकांनी त्येचं नाव काढलं की मागोमाग निघालं पायजे — आणि त्येला औट कुणी केला, तर भीमाप्पाच्या पोरीनं. मरस्तवर निघालं पायजे. माझं काय, मी झोपलेला ऱ्हातो की. आणि तिला बी अकरात घाला, पोरगी आसली म्हणून काय झालं. घातलीया? बरं केलंसा. मग तिच्या नावाखाली, गुरू कोण म्हणून जे छापता तुमी, तिथं माझं आख्खं नाव — काय? तिला फोन केलतासा? तिनंच सांगितलं? कुणाचं सांगितलं?

आसं.

न्हाय, काय न्हाय. तिनं सांगितलंय तसंच छापा. चहा सांगितलावता तुमाला, पण ऱ्हाऊ दे आता, गिऱ्हाइकाची येळ झाली. या तुमी.