कूलरपुढचा बॅनर

— नाही हो, आख्खा गिअरबॉक्स बदलायला कोणी सांगितलं तुम्हाला? बसा आधी. त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते. ह्या टायरवर बसा, गिऱ्हाइकांसाठीच ठेवलाय. तर तुमचा बमरोलीत मंडपाचा धंदा, ऑटोमॅटिक पिकअप घेतलीत, आणि तिच्यामागं चाकांवरचा जनरेटर जोडून लग्नं करत फिरायचं — बरोबर? आणि जनरेटर जोडला की पुलाच्या चढाला इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी सरकत नाही, जळका वास येतो — बरोबर? मग. गिअरबॉक्स गेलेला नाही, तापतोय तो. ऑटोमॅटिकला क्लचचा पाय नसतो, आत लाल तेल असतं, त्या तेलाच्या जोरावर इंजिनाची ताकद चाकाकडं जाते. ओझं वाढलं की तेल नुसतं घुसळत राहतं आणि तापतं. तेल तापलं की पकड गेली. मग करायचं काय? मोठा कूलर लावायचा, तेल नवं टाकायचं, ते तेल घुसळणारा आतला कन्व्हर्टर दणकट बसवायचा, आणि तेल किती तापलं ते दाखवणारा काटा ड्रायव्हरसमोर लावायचा. झालं. किती झरझर सांगितलं बघा. बाहेर पाटीवर काय लिहिलंय वाचलंत ना — भाऊराव बैसाणे, ऑटोमॅटिक स्पेशालिस्ट. आता खरं सांगू? ह्यातलं एकही वाक्य माझं नाही.

माझ्या पोरीचं आहे. चैतालीचं. मी कोण? लूमचा फिटर. उधन्याच्या कापडाच्या मिलमध्ये अठरा वर्षं लूम नीट केले, मग मिल बसली, मग हे गॅरेज टाकलं. हातानं गिअर टाकायची गाडी आणा, डोळे मिटून खोलून दाखवतो. पण ऑटोमॅटिक पहिल्यांदा खोलली ना, तेव्हा आत बघून मी झाकण तसंच लावून टाकलं. गिऱ्हाइकाला म्हटलं, एकदम बरोबर आहे गाडी, घेऊन जा. हसा, हसा. चैतालीनं ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला आणि दुकानात आली, तेव्हापासून ती आत हात घालायची, मी बाहेर गिऱ्हाइकाशी बोलायचो. काम तिचं, तोंड माझं. मी पाने द्यायचो आणि सल्ले द्यायचो. पाने ती घ्यायची.

आता ही समोरची माझी पिकअप बघा — हो, हीच, धूळ बसलेली. तुमच्यासारखीच, ऑटोमॅटिक. हिला आम्ही सगळं केलं. आम्ही म्हणजे तिनं. का केलं? मूर्ती न्यायची होती. साक्री तालुक्यात दहिवेलच्या पुढं आमचं गाव, तिथं नवीन विहार बांधलं, आणि बुद्धमूर्ती सुरतेत ओतून घ्यायची असं इथल्या लोकांनी ठरवलं. उधना, पांडेसरा, बमरोली — आपले लोक मिलला आले, रेल्वेत आले, सगळ्यांच्या घरातून जुनं पितळ निघालं. हंडे, समया, परात. माझ्या प्रभावतीनं आईनं दिलेला तांब्या दिला, माहेरची तेवढी एकच वस्तू होती तिच्याकडं. आठ फूट मूर्ती झाली, भाऊ. टनाच्या वर वजन. कमिटीचे अध्यक्ष गणपतमामा — रेल्वेतनं रिटायर, पांडेसऱ्याला राहतात, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही — ते म्हणाले, सरळ एक ट्रक करू, ताडपत्री टाकू, नेऊ. मी उभा राहिलो. म्हटलं, मामा, ताडपत्रीत? भगवंतांना? माझी पिकअप आहे, मागं ट्रेलर जोडू, फुलांनी सजवू, वाटेत लोकांना दर्शन होईल. टाळ्या पडल्या. आता मला भगवंतांचं दर्शन घडवायचं होतं की पिकअपचं — जाऊ द्या, तुम्हाला कळलंच असेल.

महिनाभर पोरगी गाडीखाली होती. कन्व्हर्टर बदलला, कूलर जाळीच्या मागं बसवला — एवढा, परातीएवढा — काटा लावला, वर एक बझर लावला, तेल फार तापलं की वाजेल असा. भरलेला ट्रेलर जोडून पलसाण्यापर्यंत दोनदा जाऊन आली. काटा नव्वदच्या वर गेला नाही. मग निघायच्या दिवशी मी माझ्या वाटचं काम केलं. काय? बॅनर. फ्लेक्सचा, गाडीच्या तोंडाएवढा. एका बाजूला मूर्तीचा फोटो, दुसऱ्या बाजूला माझा, आणि खाली — सौजन्य, भाऊराव बैसाणे, उधना. माझा फोटो मूर्तीपेक्षा जरासा मोठा आला होता. छापणाऱ्याची चूक. बरं, नाही, मीच सांगितलं होतं त्याला. तो बॅनर चार दोऱ्यांनी गाडीच्या जाळीवर ताणून बांधला. चैताली आली, बघितलं, म्हणाली, पप्पा, कूलरला हवा कुठून मिळेल? मी म्हटलं, हवा सगळीकडं असते बेटा. — असं म्हटलं मी, भाऊ. अठरा वर्षं फिटरकी केलेल्या माणसानं.

सकाळी सहाला निघालो. पिकअपमध्ये मी आणि ती, दोघंच. मागून दोन बसगाड्या, सगळी माणसं त्यात. बारडोली, व्यारा, सोनगड — गार हवा, सपाट रस्ता, काही झालं नाही. मी तिला म्हणतोय, बघ, झालं काही? नवापूर गेलं. विसरवाडीजवळ ऊन चढलं आणि काटा एकशे दहावर. ती म्हणाली, पप्पा, दोन मिनिटं थांबा, बॅनर काढू, पुढं कोंडाईबारीचा घाट आहे. मी म्हटलं, गावात लोक मोबाईल काढून उभे आहेत, वेशीतनं आत गेलो की काढू. मग घाट लागला, बझर वाजायला लागला. स्पीकरवर वंदना चालू आणि मध्ये हा टीं टीं टीं. मी काय केलं असेल? तुम्ही काय केलं असतं? थांबला असतात. मी बझरची वायर उपटली.

शेवटच्या मोठ्या वळणावर गाडीनं पकड सोडली. इंजिन ओरडतंय आणि आम्ही उभे. आणि मग उभेही नाही — मागं. ब्रेकवर दोन्ही पाय दिले, हँडब्रेक ओढला, तरी ट्रेलर मागं खेचतोय, इंच इंच, आणि मागं काय? दरी. आणि ट्रेलरवर कोण? आख्ख्या उधन्याचं पितळ. मी आरशात बघतोय आणि आरशात मला मूर्तीचा चेहरा दिसतोय, शांत, डोळे अर्धे मिटलेले, आणि तो हळूहळू तिरका होतोय. मी ओरडलो सुद्धा नाही. आवाजच फुटेना — माझा, विचार करा! दार उघडल्याचं कळलं फक्त. चैतालीनं उडी मारली होती. सीटमागचे लाकडी ठोकळे काढून ती ट्रेलरच्या मागं पळाली. मागं, भाऊ. उतरत्या बाजूला. ट्रेलर घसरतोय तिकडं. एक ठोकळा टाकला, तो चिरडून चाक आणखी मागं आलं. दुसरा टाकला. थांबलं.

पाणी पिता का? नाही? मी पितो जरा.

दोन्ही बसगाड्या अजून खालच्या वळणावर होत्या. माणसं उतरून चालत वर येत होती. दोन-तीन मिनिटं होती मधे. आता माणसानं काय करावं? पोरीला काही लागलं का बघावं. मी खाली उतरलो आणि पुढं गेलो. चारही दोऱ्या तोडल्या. बॅनर काढला, घडी केली — आणि ती पण नीट, कोपऱ्याला कोपरा लावून — आणि ड्रायव्हर सीटच्या खाली सारला. वळून बघतो तर ती तिथंच, चाकाशी बसलेली, गुडघा फुटलेला, माझ्याकडं बघतेय. तेवढ्यात गणपतमामा धापा टाकत आले. म्हणाले, काय व्हयनं रे भाऊराव? आणि माझ्या तोंडून — मी ठरवलं नव्हतं हो, शपथ, निघूनच गेलं — म्हटलं, काही नाही मामा, पोरीनं तेलाचा पाईप ढिला ठेवला.

नाही, ती काहीच बोलली नाही. तेच तर. बोलली असती तर मी ओरडलो असतो, भांडलो असतो, त्यात मी कमी नाही. ती उठली, हात पुसले, बॉनेट उघडलं, तासभर गाडी गार होऊ दिली. डब्यातलं लाल तेल भरलं. मग एकच वाक्य — पप्पा, तुम्ही बसमध्ये बसा. आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. पहिल्या गिअरवर अडकवून, मुंगीच्या चालीनं, घाट चढून गेली. पुढं बॅनर नव्हता ना, काटा शंभरच्या आत. मी मागं बसमध्ये, बायांच्या मधे, प्रभावतीच्या शेजारी. ती विचारतेय, पोरीच्या गुडघ्याला काय झालं? मी म्हटलं, धडपडली.

अकराची वेळ होती, दोनला पोचलो. भंतेजी, गाव, सगळे उन्हात ताटकळलेले. पण मूर्ती उतरली, बसली, आणि बायांनी जो आवाज केला ना — प्रभावती तर मूर्तीच्या पायाला हात लावून म्हणाली, ह्यात कुठंतरी माझा तांब्या आहे. मग सत्कार. माझा. शाल, फूल. गणपतमामा माईकवर. म्हणाले, भाऊरावनं जीव धोक्यात घालून भगवंतांना आणलं. पोरीच्या हातनं चूक झाली, पण लेकरू आहे, शिकतंय, आपण मोठ्या मनानं तिला माफ करू. आणि आख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. चैताली आईच्या शेजारी, पहिल्या रांगेत. मान वर करून बसलेली. आणि मी स्टेजवर —

मी पण टाळी वाजवली, भाऊ.

हे कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही सांगायचं नव्हतं, तुम्ही कूलरचं विचारत होतात.

आठ दिवसांत तिनं इथून पुढं सचिन गावात एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. भांडण नाही, काही नाही. घरात बोलते, चहा देते, माझ्या बीपीच्या गोळ्या आणते. फक्त गाडीचा विषय निघाला की उठून आत जाते. बॅनर? तो प्रभावतीला सीटखाली सापडला. मला वाटलं आता विचारेल. तिनं तो गच्चीत पसरला, फोटोची बाजू वर ठेवून. हल्ली माझ्या तोंडावर मिरच्या वाळतात. काही विचारलं नाही तिनं, पण मिरच्या जरा जास्तच आणते. आणि मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही हं. मागच्या रविवारी इथल्या आपल्या विहारात मीटिंग होती, शेवटी गणपतमामा म्हणाले, कोणाला काही बोलायचंय? मी उभा राहिलो. सगळे बघतायत. तोंड उघडलं आणि म्हटलं — तो कोपऱ्यातला पंखा फार आवाज करतो. एकमतानं मला पंख्यांचा प्रमुख केलं.

म्हणून म्हणतो, तुमची गाडी माझ्याकडं नकोच. ती गेल्यापासून चार महिन्यांत दोन ऑटोमॅटिक आल्या, दोन्ही वेळा मी बॉनेट उघडून ‘हं हं’ केलं आणि पार्ट मिळत नाही म्हणून परत पाठवल्या. तुम्ही सचिनला जा. जीआयडीसीच्या गेटाच्या पुढं, वजनकाट्याला लागून वर्कशॉप आहे. तिथं चैताली म्हणून विचारा. जनरेटर जोडूनच न्या, ती ओझ्यासकट चालवून बघेल. ती सांगेल तेवढंच करा, जास्त नाही, कमी नाही. आणि पुढं काही बांधू नका — लिंबू-मिरची पण नको.

काय? मी तिच्याशी बोललो का?

भाऊ, तुम्ही गिऱ्हाईक म्हणून आलात, पंच म्हणून नाही. घ्या तुमची चावी. निघा. उन्हं वाढतील, पुलावर परत तापेल गाडी. असं बघताय काय माझ्याकडं? जा ना.

...थांबा जरा. हे शटर एका हाताला येत नाही, तेवढी दुसरी बाजू धरा. हां. ओढा. आज बंदच ठेवतो. मी पण येतोय सचिनला. आधी पांडेसऱ्याला उतरेन, गणपतमामांना सोबत घेईन. खोटं बोललो ते त्यांच्यासमोर ना, मग त्यांच्यासमोरच — नाही, नाही, तुमच्या गाडीत नको. मी रिक्षानं येतो. तुमच्या गाडीत बसलो तर तुम्ही सचिनपर्यंत बोलत राहाल, आणि मला जरा गप्प बसायचंय. चला, निघा तुम्ही.