व्याजाशिवायचं घर

ओश शहरातल्या बिनव्याजी बँकेत बुरूल नंबरची वाट बघत पेंगत होती. ती शाळेतून नुकतीच निवृत्त झाली होती. खातं इथे काढावं की काचेच्या इमारतीतल्या मोठ्या बँकेत, हे तिचं ठरत नव्हतं. खिडकीतून कोवळं ऊन आत झिरपत होतं. मागच्या बाकावर एक दहीवाली म्हातारी आणि एक डॉक्टरीणबाई बोलत होत्या.

"आपा, तुम्ही धर्मात व्याज निषिद्ध म्हणून इथे येता?"

"कसला धर्म, पोरी! काचेच्या बँकेतला रखवालदार माझे चिखलाचे बूटच बघत बसायचा. इथली मुलगी 'बसा आपा' म्हणते. अन् तू गं शिकलेली, तू का येतेस?"

"सासऱ्यांसाठी. व्याजाच्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणाले. म्हणून इथून बिनव्याजी हप्त्यांवर घर घेतलं."

"मग आले का राहायला?"

"किल्ली मिळायच्या आठ दिवस आधी गेले."

"अरेरे! त्यांची खोली कुठली होती?"

"डोंगराकडची. दर गुरुवारी तिचं दार उघडं ठेवून त्यांच्या नावानं पिठाचे बोरसोक तळते. वास तरी त्यांच्यापर्यंत पोचेल."

"पोचतो गं. तेल तेवढं चांगलं तापू देत जा."

बुरूलचा नंबर पुकारला गेला, तेव्हा तिच्या नाकात जणू त्या तळणीचा वास दरवळत होता. ती उठली आणि इथेच खातं उघडायला काउंटरशी गेली.