पाणी मुरेपर्यंत

(दमिएता शहर, नाईलच्या काठावर. वरच्या मजल्यावरची झोपायची खोली. नशवा पलंगावर पडून आहे, उशाशी काचेची रिकामी टाकी. दारात तिचे सासरे हाजी बदावी, हातात बादली.)

नशवा : नाही बाबा. ती बादली उंबरठ्याच्या आत येणार नाही.

बदावी : अगं, बघ तरी! जिवंत आहेत. आत्ता नदीत होते, आत्ता इथे. अस्सल बुल्ती. माझ्या गाळ्यावर असा माल आला की गिऱ्हाइकं भांडतात.

नशवा : खायला भांडतात.

बदावी : मग काय बघायला भांडतील?

नशवा : मला बघायलाच हवेत ना. आणि मी काय सांगितलं होतं? आधी झाडं, मग पाणी, मासे सगळ्यात शेवटी. तेही एवढे. बोटाच्या पेराएवढे.

बदावी : पेराएवढ्या माशाला मांजरसुद्धा तोंड लावत नाही, पोरी.

नशवा : बुल्ती मोठी झाली की वाळू उकरत बसते. एक रोप जागेवर ठेवत नाही. शेजाऱ्यांना गिळते ते वेगळंच.

बदावी : हे मात्र खोटं नाही. तापट जात. बरं, मग यांचं आता...

नशवा : बाबा!

बदावी : खाली शिजवतो, खाली. दार लावून. खिडकीसुद्धा लावतो. रागिबला तरी काय सुचलं देव जाणे. बायकोच्या उशाशी काच आणून ठेवली आणि आपण गेला बोटीवर.

नशवा : डॉक्टरीण म्हणाली, बाळ होईपर्यंत पलंग सोडायचा नाही. रागिब म्हणाला, छताकडे बघून बघून तू वेडी होशील, त्यापेक्षा हे बघ. माहेरी माझी अशी टाकी होती ना. पण तेव्हा मला उठता येत होतं. आता हात कुणाचे वापरू?

बदावी : माझे वापर की. लिंबाने धुतलेत. येतोय अजून वास?

नशवा : थोडासा.

बदावी : मग तो हातांचा नाही, माझाच आहे. पन्नास वर्षांचा मुरलेला. मी इथे दारातच उभा राहतो. झाडं म्हणालीस ना? आपल्या कालव्यात एका पाणगवताचा खच पडलाय. आम्ही त्याला माशाचे कल्ले म्हणतो. जाळ्यात अडकून जीव खातं. पाटीभर आणतो, फुकट.

नशवा : आणि त्याच्यासोबत गोगलगायी, त्यांच्यातले रोगाचे किडे. लहानपणी लघवीतून रक्त कशामुळे जात होतं तुमच्या?

बदावी : त्या गोगलगायी होय! नको बाई. ते औषध पुन्हा घ्यायची ताकद नाही.

नशवा : म्हणून म्हणते, दुकानातून आणा. वजीहच्या.

बदावी : म्हणजे मी, बदावी मासेवाला, मासे विकत घ्यायला दुसऱ्याच्या दुकानात जाऊ? बाजारात तोंड कसं दाखवू?

नशवा : तोंड झाकून जा.

*

वजीह : मॅडम, अगदी निवांत बघा. फोन हाजींच्या हातात असल्यामुळे सध्या आपल्याला माझ्या दुकानाचा पंखा दिसत असेल.

नशवा : बाबा, फोन खाली घ्या. आणखी. तो तुमचा अंगठा आहे, तो बाजूला घ्या.

बदावी : आता दिसतं?

नशवा : दिसतं. वजीहभाई, मागच्या बाजूला लावायला लांब पातीचं पाणगवत द्या. हिरव्या फितीसारखं असतं ते.

वजीह : आहे ना! पण आधी ही लाल पानं बघावीत. राणी आहे राणी. कालच कैरोहून आली.

नशवा : तिला प्रखर दिवा लागतो, खत लागतं, गॅसची नळी लागते. मला अशी झाडं हवीत ज्यांच्यासाठी रोज उठावं लागणार नाही.

वजीह : मग अनुबियास घ्या. जाड पान, हळू वाढ, कमी उजेड. तक्रार म्हणून नाही. माझ्या सासूबाई अशा असत्या तर!

नशवा : चालेल. आणि जावा शेवाळ. भरपूर.

बदावी : शेवाळ? विकत? तरुणपणी बापाच्या बोटीच्या बुडाचं शेवाळ खरवडून माझी नखं गेली, आणि आता त्याचे पैसे मोजू?

वजीह : हाजी, ते शेवाळ वेगळं, हे वेगळं. हे मखमल आहे, मखमल.

बदावी : निसरडं ते निसरडं. दे. पाटीभर दे.

वजीह : हे पाटीने देत नाहीत, हाजी.

बदावी : मग ओंजळभर दे. माझ्या ओंजळीने.

*

नशवा : दांडा वाळूत गाडू नका बाबा, कुजेल. अनुबियास दगडाला बांधायचं असतं.

बदावी : बांधलं. जाळ्याची गाठ मारली आहे. झाड जाईल एक वेळ, गाठ सुटायची नाही.

नशवा : झाड जाईल म्हणू नका.

बदावी : बरं बरं. झाड राहील, गाठही राहील. आता हे गवत. रांगेत लावू?

नशवा : रांगेत कशाला, शाळा आहे का? इथे झुपका, तिथे झुपका. आणि मध्ये माशांना फिरायला मोकळी जागा. हां. थोडं डावीकडे. बाबा, छान दिसतंय हो.

बदावी : छान तर दिसतंय. मासे उद्या आणू?

नशवा : उद्या नाही. पाणी अजून कच्चं आहे. मासा घाण करतो, ती खाऊन टाकणारे बारीक जीव पाण्यात तयार व्हावे लागतात. त्याला काही आठवडे जातात. तोवर मासा सोडला तर स्वतःच्याच घाणीच्या विषाने मरतो.

बदावी : म्हणजे फसीखसारखं. बुरी जातीचा मासा मिठात मुरत घालायचा आणि झाकण उघडायचं नाही. घाईने उघडलं की माणूस दवाखान्यात.

नशवा : अगदी तसंच. पाणी मुरू द्यायचं.

बदावी : तोवर तू नुसत्या गवताकडे बघत पडणार?

नशवा : वाढतं ते. कालच्यापेक्षा आज उंच असतं. मला चालेल.

बदावी : तुला चालेल गं. मला चालत नाहीये. तू शाळेत शिकवून यायचीस तेव्हा जिन्यातच तुझं हसू ऐकू यायचं. आता घर कसं बंद दुकानासारखं वाटतं.

*

नशवा : बाबा, खिशात काय आहे?

बदावी : काही नाही. रुमाल.

नशवा : पाणी गळतंय त्यातून.

बदावी : घाम पुसला.

नशवा : दाखवा.

बदावी : नको बघूस, पोरी.

नशवा : दाखवा म्हणते ना. हा तर निऑन मासा आहे. निळ्या पट्टीचा. कुठून आला?

बदावी : मी आणले. चार होते. परवा तू दुपारी झोपलीस तेव्हा सोडले. वजीह नको नको म्हणत होता, मीच त्याला दटावलं. म्हटलं, डोळे उघडशील तर समोर निळी वीज चमकेल. पण तू उठलीस ती भिंतीकडे तोंड करून. काल दिवसभर तशीच. म्हटलं, उद्या दाखवू. आणि आज हा शेवटचा.

नशवा : मी सांगितलं होतं तुम्हाला.

बदावी : सांगितलं होतंस.

नशवा : मग कशाला?

बदावी : तुझा हा कितवा आठवडा आहे, मला ठाऊक आहे गं. मागच्या वेळी याच आठवड्यात तुला गाडीत उचलून ठेवलं ते मीच. तू भिंतीकडे वळलीस आणि मला राहवलं नाही.

नशवा : सकाळी मी एक बघितला होता. वाळूवर आडवा. मला वाटलं, भास झाला. मग वाटलं, माझ्या जवळ काही जगतच नाही. आधी दोन वेळा बाळ गेलं, आणि आता साधे मासेसुद्धा...

बदावी : ए, थांब. असलं बोलायचं नाही. मासे सोडले मी, मारले मी. घाई माझी. तुझा काडीचा संबंध नाही. हे चारही माझ्या नावावर. ऐकलंस?

नशवा : ऐकलं.

बदावी : नीट ऐक. तुझ्या जवळ झाडं आहेत, ती बघ कशी माजलीत. एकही गेलं नाही. दगडावरच्याला नवीन पान फुटलंय, मी रोज बघतो.

नशवा : तुम्ही रडताय का बाबा?

बदावी : हसशील तू. उभा जन्म मासे विकले. डोकी उडवली, पोटं फाडली, तेही गाणी म्हणत. आणि हा एवढासा मात्र रुमालात गुंडाळून खिशात घेऊन हिंडतोय. काय झालंय मला कोण जाणे.

नशवा : मी नाही हसत. इकडे या. बसा.

बदावी : वास येईल.

नशवा : येऊ दे. बसा पलंगावर. बाबा, मला फार भीती वाटते.

बदावी : मलाही.

नशवा : तुम्ही कधी बोलला नाहीत.

बदावी : बाजारात दिवसभर ओरडतो ना, घरी येईपर्यंत बोलणं संपलेलं असतं. तुझी सासू असती तर बोलली असती. तिला जमायचं. नशवा, याला कुठे टाकू? मांजराला घालायला जीव होत नाही.

नशवा : गॅलरीत मोगऱ्याची कुंडी आहे. त्यात पुरा.

बदावी : फातिहा म्हणू?

नशवा : माशाचा फातिहा नसतो हो बाबा.

बदावी : मग नुसतं बिस्मिल्ला म्हणतो. ते कशालाही चालतं.

*

वजीह : या हाजी! या वेळी फोन अगदी सरळ धरलाय. मॅडम, पाण्याचा नमुना बघितला मी. मुरलंय पाणी. आता विष नाही. आता सांगा, काय देऊ? एंजल बघा, पतंगासारखे. लग्नाच्या मिरवणुकीत चालल्यासारखे चालतात.

नशवा : मोठे होतात, आणि छोट्यांना खातात. आणि निऑनही नकोत, आपलं पाणी त्यांना जड पडतं. गप्पी द्या. त्यांना हेच पाणी मानवतं. माद्या जास्त, नर कमी.

बदावी : नर कमी का?

नशवा : मागे लागून लागून जीव काढतात.

बदावी : बरोबर. ऐकलं का वजीह? अरे, तो नको काढूस. त्याचे कल्ले बघ, धापा टाकतोय. तोही नको, पंख मिटून कोपऱ्यात बसलाय. ताजे नाहीत का तुझ्याकडे?

वजीह : हाजी, सगळे जिवंत आहेत!

बदावी : जिवंत असणं वेगळं आणि ताजं असणं वेगळं. ती बघ, शेपटीवर केशरी ठिपका असलेली. ती कशी अंगावर येते! ती दे.

नशवा : आणि तळाला फिरायला ते छोटे मिशाळ मासे. पाच-सहा तरी द्या, एकटे झुरतात.

वजीह : देतो. फक्त एक सांगून ठेवतो मॅडम, या गप्पीच्या माद्या पोटुशा आहेत. पिल्लं घालतील. आणि कधी कधी आईच पिल्लं...

बदावी : वजीह! तोंड आवर.

नशवा : राहू दे बाबा. मला माहीत आहे. शेवाळ भरपूर मागितलं ते उगीच का? लपायला दाट जागा असली की बरीच वाचतात.

बदावी : सगळी का नाही?

नशवा : सगळी नाही. बरीच.

बदावी : वजीह, आणखी शेवाळ बांध.

*

बदावी : हाललं! नशवा, त्या दगडामागे काहीतरी हाललं.

नशवा : मिशाळ असेल. आज गाळा नाही उघडला का?

बदावी : उघडला, आणि पोऱ्यावर सोपवून आलो. गप्प बस जरा. हे मिशाळ नाही. हे, हे तर नुसते डोळे आहेत. दोन डोळे आणि शेपटीचा दोरा. शेवाळातून बघतंय माझ्याकडे!

नशवा : एकच?

बदावी : दुसरं तिकडे. आणि गवताच्या मुळाशी आणखी... थांब, मोजतो.

नशवा : मोजू नका बाबा.

बदावी : का गं?

नशवा : असंच. असू देत जितकी आहेत तितकी.

बदावी : बरं. नाही मोजत. पण बेटी चलाख आहेत हां. आई आली की आत, गेली की बाहेर.

नशवा : बाबा.

बदावी : हं?

नशवा : इथेही हाललं.

बदावी : कुठे? मला नाही दिसलं.

नशवा : टाकीत नाही हो. इथे.

बदावी : या अल्लाह. जोरात?

नशवा : चांगलं जोरात. तुमचं ओरडणं ऐकून असेल.

बदावी : मग हळू बोलू. आपण दोघंही हळू बोलू.

*

बदावी : हॅलो? नशवा? तुझाच फोन का? मी खालीच आहे, इस्पितळाच्या अंगणात. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना दुपारपर्यंत सोडत नाहीत म्हणे. पहारेकऱ्याशी दोनदा भांडलो, आता तिसऱ्यांदा जाणार होतो.

नशवा : नका भांडू. ऐका ना...

बदावी : सकाळी टाकीचा दिवा लावूनच निघालोय बरं का. खाणं चिमूटभरच घातलं, तू सांगतेस तेवढंच. गवत वर पोचलंय, आडवं पसरतंय. ते कापायचं असतं का? पिल्लं आता मोकळ्यावर यायला लागलीत. रागिबचा फोन आला होता, बंदरात उतरलाय, रस्त्यात आहे. आणि वजीहने विचारलंय तुझ्याबद्दल...

नशवा : बाबा.

बदावी : ...म्हणाला, मॅडमना माझा सलाम...

नशवा : बाबा, वजीहचं राहू दे. विचारा ना.

बदावी : काय विचारू?

नशवा : जे विचारायचंय ते.

बदावी : तू कशी आहेस?

नशवा : मी बरी आहे. दमलेय, पण बरी आहे. आणि...

बदावी : थांब. आधी बसतो. हं. बसलो. सांग.

नशवा : मुलगी आहे. थोडी लवकर आली, म्हणून लहानशी आहे. पण डॉक्टरीण म्हणाली, श्वास छान घेतेय. माझ्या छातीवरच आहे आत्ता.

बदावी : श्वास घेतेय ना? नक्की?

नशवा : घेतेय हो. थांबा, फोन तिच्या जवळ धरते. रडतेय बघा. ऐकू येतंय?

बदावी : येतंय.

नशवा : बरं, ठेवू मग? नर्स ओरडतेय.

बदावी : ओरडू दे तिला. तू फोन तिथेच धर.