शाल, श्रीफळ आणि कुलूप

मॅडम : साडेदहाला तुम्ही माझ्या अंगावर शाल घातलीत, नितेशभाऊ. मी हातात नारळ घेऊन फोटोला उभी राहिले. फोटो झाला, मागं वळून बघते तर शाळेच्या दाराला कुलूप. याला सत्कार म्हणतात का?

नितेश : सत्कार मनापासूनचा हाय, मॅडम. आणि कुलूप पण मनापासूनचंच हाय.

मॅडम : भाषणात काय म्हणालात? 'शिवकन्या मॅडमचे उपकार हे गाव कधी विसरणार नाही.'

नितेश : मग विसरलं काय? विसरलं असतं तर कुलूप कशाला लावलं असतं?

सुरैय्या : मॅडम, आधी पाणी घ्या. दुपार झाली. सकाळपासून तुमी पायरीवर उभ्याच हायात.

मॅडम : पाणी नको, सुरैय्याताई. चावी द्या. माझी पर्स आत आहे. शाळेचा शिक्का, हजेरी, कपाटाच्या किल्ल्या, सगळं आत आहे. धनेश सरांना चार्ज द्यायचाय मला. तो काय पायरीवर बसून देऊ?

नितेश : म्हणून तर लावलंय. चार्ज नाय तर बदली नाय. सिस्टीम आमाला पण कळते. शाळा समितीचा अध्यक्ष उगाच झालो काय?

मॅडम : आणि लेकरं?

सुरैय्या : समाजमंदिरात हायत. धनेश सर पाढे घेतायत. खिचडी पण तिथंच वाढली. पोरांचं काय नुकसान नाय होऊ दिलं आमी.

मॅडम : माझं होतंय ना! आज शेवटचा दिवस आहे. आज ऑफिस बंद व्हायच्या आत रोह्याला जाऊन कार्यमुक्तीवर सही घेतली नाही, तर संपलं. आत्ताच गटशिक्षणाधिकारी साहेबांचा फोन आला होता.

नितेश : काय म्हणाले?

मॅडम : म्हणाले, आधी गाव शांत करा. उघड्या शाळेचा फोटो पाठवा, मग सही करतो. नाहीतर तुमची बदली रद्द झाली असं धरा.

नितेश : बगा भाभी! मी काय बोललो होतो? अर्धा दिवस नाय गेला तर सायेब हलला. अजून जरा ताणलं की झालंच.

मॅडम : हसताय काय तुम्ही?

नितेश : तुमच्यासाठीच हसतोय. मॅडम, आमी अडाणी नाय. तुमी त्या दिवशी मिटिंगला साहेबांना तोंडावर बोललात ना, 'आम्हाला शिकवायला वेळ द्या, मग निकाल मागा'? तेव्हाच डूख धरलान त्यांनी. आणि आता फेकलान तुमाला पार परभणीला. आमी काय गप बसणार?

मॅडम : फेकलं नाही कुणी.

नितेश : तुमी सरळ माणूस, तुमाला नाय कळायचं.

सुरैय्या : मघाशी रोह्याचा तो बातमीवाला आला होता ना, मोबाईलवर शूटिंग करत होता, त्याला मी पण बोलली. माईक पुढं केलान, मग काय! 'आमच्या मॅडमना जायचं नाय, त्यांना जबरदस्तीनं पाठवतायत.' आमच्या अब्दुलनी कुवैतला बघितला व्हिडिओ. रूमवरच्या सगळ्यांना दाखवला.

मॅडम : माझ्या नवऱ्यानंही बघितला. जिंतूरला, दुकानात बसून. फोन केला आणि विचारतो, 'खरंच यायचं नाही का तुला?'

नितेश : मग? सांगितलंत ना, गाव सोडत नाय म्हणून?

मॅडम : नितेशभाऊ, बदली मी मागितली होती.

नितेश : म्हणजे?

मॅडम : म्हणजे अर्ज मी केला होता. नोकरी लागली तेव्हापासून दरवर्षी करते. माझं गाव तिकडं आहे, माणसं तिकडं आहेत. साहेबांनी काही केलं नाही. यादीत नाव यायला इतकी वर्षं लागली, एवढंच.

नितेश : आणि हे तुमी आता सांगताय?

मॅडम : विचारलंत कधी? ऑर्डर आली त्या दिवशी तुम्ही आलात, म्हणालात, 'काळजी करू नका, आम्ही आहोत.' मी तोंड उघडायच्या आत निघून गेलात. आज शाल घालताना तरी विचारायचं, मॅडम, तुम्हाला जायचंय का राहायचंय?

नितेश : असं कोण विचारतं काय शाल घालताना!

सुरैय्या : थांबा जरा, नितेशभाऊ. मॅडम, दरवर्षी अर्ज करता बोललात. यंदा पण केला होता?

मॅडम : हो.

सुरैय्या : जूनच्या आधी?

मॅडम : हो. आधीच.

सुरैय्या : आणि जूनमध्ये माझ्या ओट्यावर येऊन बसलात. चहा घेतलात. मी बोलली, हफ्सा नागोठण्याला इंग्लिश शाळेत जाते, दारात बस येते, कशाला काढू? तर तुमी काय बोललात?

मॅडम : ताई...

सुरैय्या : नाय, सांगा ना. नितेशभाऊंना ऐकू दे.

मॅडम : म्हणाले, 'इकडं घाला. मी आहे ना.'

सुरैय्या : 'मी आहे ना.' त्या तीन शब्दांवर मी पोरीचं नाव काढलं. अब्दुल तिकडून भांडला माझ्याशी. लोक पोरं इंग्लिशला घालतात आणि तू काढतेस, डोकं फिरलंय काय तुझं? आठ दिवस फोन नाय केलान. आणि मी त्याला सांगत बसली, मॅडम हायत ना.

नितेश : माझा पोरगा आदेश पण तसाच आला तुमच्या शाळेत. सहा घरांनी पोरं काढली, मॅडम. तुमच्या भरवशावर.

मॅडम : मी खोटं नव्हते बोलत.

सुरैय्या : मग काय होतं ते?

मॅडम : इतकी वर्षं अर्ज करून नाव येत नाही, तेव्हा माणूस त्यावर विश्वास ठेवायचा सोडून देतो. फॉर्म भरायचा म्हणून भरते मी. आणि पट घसरला असता तर शाळेचं एक पद गेलं असतं, हेही खरं. मला तुमची लेकरं हवी होती. शाळेसाठी हवी होती.

नितेश : आणि आता शाळेचं काय? धनेश सर पेणहून येतात. गाडी चुकली की पहिला तास गेला. आणि आले की रोह्याला मिटिंग. पाच वर्ग आणि एक सर. पोरं काय भिंतीकडं बघून शिकणार?

मॅडम : नवीन शिक्षक देतील.

नितेश : कधी?

मॅडम : ते मला काय माहीत, भाऊ?

नितेश : हां. ते कोणालाच माहीत नसतं.

सुरैय्या : मॅडम, तिकडं जायची एवढी घाई कशाला? नवरा हाय, दुकान हाय, ते काय पळून जातायत? माझा नवरा लग्नापासून कुवैतला हाय. दोन वर्षांनी येतो, पाहुण्यासारखा ऱ्हातो. त्याला कोण कार्यमुक्त करतंय? आमी काय मेलो?

मॅडम : नवऱ्याचं नाही हो. समर्थचं.

सुरैय्या : मे महिन्यात आणला होतात तो? लाजत होता, माझ्या हफ्साच्या मागं लपत होता.

मॅडम : तोच. हफ्साच्याच वयाचा. तिसरीत आहे. त्याला वाचता येत नाही.

नितेश : कोणाला? तुमच्या पोराला?

मॅडम : माझ्या पोराला. जोडाक्षर आलं की थांबतो. मग अंदाजानं काहीतरी म्हणतो आणि माझ्या तोंडाकडं बघतो. फोनवर तोंड तरी किती दिसणार! रोज रात्री शिकवते मी व्हिडिओवर. सासूबाई मोबाईल धरतात, त्यांचा हात थरथरतो, पुस्तक दिसतच नाही. त्याच्या बाई काय म्हणतात माहितीये? 'आई शिक्षिका आहे ना, मग घरी घ्या की.'

सुरैय्या : इकडं का नाय ठेवलात त्याला?

मॅडम : ठेवला होता. लहान असताना. मी शाळेत, तो घरमालकिणीकडं. तापानं फणफणला आणि मी निवडणुकीच्या कामावर. फोन बंद करून ठेवायला लावला होता आम्हाला. सासूबाई आल्या आणि घेऊन गेल्या. पिशवी भरली त्याची आणि घेऊन गेल्या.

नितेश : हे सगळं भाषणाच्या आधी सांगितलं असतंत ना...

मॅडम : भाषण बदललं असतं?

नितेश : भाषण नसतं बदललं. ते खरंच होतं. कुलपाचं बघितलं असतं.

मॅडम : मग आता बघा. उघडा.

नितेश : मी एकटा कसा उघडू? गावानं बसून ठरवलंय. उद्या सगळे म्हणतील, नितेशनी पाठ दाखवली. आणि चावी माझ्याकडं नाय.

मॅडम : नाही? मग कुणाकडं आहे?

नितेश : कृष्णाबाईकडं. मुद्दाम दिली. पोलीस आले असते तर आमच्या खिशात हात घातला असता. म्हातारीच्या कनवटीला कोण हात लावणार?

मॅडम : बोलवा त्यांना.

नितेश : खळ्यावर हाय ती. भात झोडणी चाललीय. मी चार जणांना फोन करून बघतो. माझी सेकंड शिफ्ट पण गेली आज, मॅडम. तुमच्यासाठी खाडा केला, आणि आता तुमाला घालवायला धावतोय.

(नितेश फोन कानाला लावून रस्त्याकडे जातो.)

मॅडम : कुलूप तोडता नाही येणार?

सुरैय्या : नाय तुटायचं. कुवैतचं हाय. अब्दुलनी आणलेलं.

मॅडम : तुमचं कुलूप आहे?

सुरैय्या : व्हय. सकाळी घराचं काढून आणलं. गावात एवढं चांगलं दुसरं नाय कोणाकडं. माझं घर उघडं पडलंय सकाळपासून. शेळी शिरली असेल आत.

मॅडम : काय म्हणू तुम्हाला!

सुरैय्या : काय नका म्हणू. सकाळी मलाच बोलायचं होतं. सत्काराला म्हणून नवीन ड्रेस घातला. आणि ह्या बाप्यांनी माईक सोडलाच नाय. नितेशभाऊ संपले तर उपसरपंच उठले.

मॅडम : काय बोलणार होतात?

सुरैय्या : आता राहू दे.

मॅडम : बोला ना.

सुरैय्या : खोकल्याच्या बाटलीचं सांगणार होती. हफ्सानी बापाला व्हिडिओवर धडा वाचून दाखवला ना, तर त्याला पटेना. बोलला, पाठ केलाय. दुसरं काय तरी वाच, घरात दिसेल ते. ती उठली, फळीवरची औषधाची बाटली आणलीन. आणि वाचलंन, 'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा. लहान मुलांपासून दूर ठेवा.' एकदम सरळ. न थांबता. तिकडं हा एवढा बाप्या, सगळ्या रूमसमोर रडायला लागला. नंतर मला बोलला, 'मॅडमना माझा सलाम सांग.' तो सलाम राहिला सांगायचा. तेवढंच बोलणार होती मी.

मॅडम : पोचला सलाम.

सुरैय्या : पण आता राग हाय मला तुमचा. तो नाय जाणार.

मॅडम : नको जाऊ दे.

सुरैय्या : हफ्साला काय सांगू मी?

मॅडम : मीच सांगते तिला.

सुरैय्या : तुमी नका सांगू. तुमी सांगितलंत की तिला खरं वाटतं.

(नितेश परत येतो.)

नितेश : झालं बोलून. ऐका. अर्धे बोलतात उघडा, बाईमाणसाला अडकवून ठेवू नये. अर्धे बोलतात, आधी नवीन शिक्षकाचं नाव सांगा, मग उघडतो. समितीतल्या विशालनी रोह्याच्या ऑफिसला फोन लावला होता. ते बोलले, नाव भरती झाल्यावर कळेल.

मॅडम : भरती कधी?

नितेश : ते नाय सांगितलं.

मॅडम : आणि कृष्णाबाई?

नितेश : शेजारच्या मोरूला पाठवला होता खळ्यावर. हात हलवत आला. म्हातारी बोलली, 'मला गावानं दिलीय, गाव मागेल तेव्हा देईन. तू कोण रे?'

मॅडम : पावणेचार झाले, नितेशभाऊ. रोह्याला पोचायला अर्धा तास. चार्जच्या सह्या करायला तासभर तरी जाईल. सव्वासहाला साहेब उठतात.

नितेश : मी काय करू, तुमीच सांगा. गावाचा शब्द मोडू काय?

सुरैय्या : गावाचा शब्द असेल. कुलूप माझं हाय. मी जाते खळ्यावर.

नितेश : भाभी, ती नाय ऐकायची तुमचं. सकाळी सगळ्यात आधी तीच उठून बोलली होती, लावा कुलूप म्हणून.

सुरैय्या : नाय ऐकली तर नाय. मॅडम, तुमी रिक्षा थांबवून ठेवा. धनेश सरांना इकडं बोलवून घ्या, म्हणजे दार उघडलं की लगेच लिहायला बसता येईल.

मॅडम : देतील का हो त्या?

सुरैय्या : काय सांगू? तिची नात यंदाच तुमच्याकडं पहिलीला आलीय. परवापासून दुकानाच्या पाट्या वाचायला लागलीय.