रंगपंचमीची थंडाई आणि रक्तदानाचा फॉर्म

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ दे, तुम्ही हसणारच.

आमच्या सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. मेल करकरून सगळ्यांच्या मागे लागलेला मीच, म्हणून रांगेत पहिला. मागे बॉस. फॉर्मवर प्रश्न आला, ‘कधी गांजा किंवा इतर अमली पदार्थ घेतले आहेत का?’ मी बेधडक ‘नाही’वर खूण करणार, एवढ्यात पुण्याची रंगपंचमी आठवली. माझा मेव्हणा संजय दर वर्षी भांग घातलेली थंडाई पाजतो. आणि भांग म्हणजे त्याच झाडाची पानं! खोटं लिहावं, तर रक्त कुणाच्या तरी अंगात जाणार. खरं लिहावं, तर हे सिंगापूर, बाहेरच्या देशात केलेली नशाही इथे गुन्हा!

बाजूला होऊन संजयला फोन लावला.

“थंडाईत भांग किती असते रे?”

“का हो, दाजी?”

“माझं पीआर, इथे कायम राहायचा परवाना, जायची वेळ आलीय, खरं सांग!”

त्याने आवाज खाली आणला. “ताईला सांगू नका. भांग कधीच नव्हती. पुदिना वाटून घालतो.”

“अरे, मग मी टेबलावर चढून नाचलो, तुझ्या बाबांच्या गळ्यात पडून रडलो, ते?”

“ते तुमचं तुम्ही, दाजी. आम्हालाही नवलच वाटायचं.”

परत आलो, ‘नाही’वर खूण केली, रक्त दिलं. नाचताना-रडताना मी पूर्ण शुद्धीत होतो, हे आता सहीनिशी लिहून दिलंय. पुढच्या रंगपंचमीला सासऱ्यांसमोर कुठल्या तोंडाने जाऊ, तेवढं सांगा.