चढावर न थांबणारी गाडी

केशर रामनगरच्या स्टँडवर बसची वाट बघत होती. बाकावर पलीकडे किराणा दुकानदार परशुरामची बायको तारा बसली होती. ताराला बघून भाजीची पिशवी घेतलेली लक्ष्मीअक्का थांबली.

"दारात मारुती व्हॅन असून बसनं कुठं गं?"

"गणेशगुडीला. आईकडं."

"गाडी बिघडली व्हय?"

"न्हाई अक्का. तीन वर्सांत एकदा बिघडली न्हाई. हे सांगतात, ती जपानी सुझुकी कंपनी आधी कापडाचे माग करायची. मागावर एक धागा तुटला तरी कापड वाया जातंय. म्हणून त्यास्नी चूक चालत न्हाई."

"बरं हाय की."

"बरंच हाय. आधीची जुनी गाडी गणेशगुडीच्या चढावर हमखास तापायची. आम्ही दोघं दांडेलीला माल आणायला जाताना एकदा, येताना एकदा. आईचं घर चढावरच हाय. हे पाणी मागायला उतरायचे, अन् आई जेवू घातल्याबिगर सोडायची न्हाई."

"आन् आता?"

"आता घरासमोरनं तशीच पुढं जाते. आई गाडीचा आवाज ऐकून कळशी घेऊन दारात येते. मी काचेतनं हात करते. दिवाळीपासनं तिच्याशी बोलले न्हाई."

अक्काला बसायला जागा व्हावी म्हणून केशरनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मग मालकांना सांगायचं, जरा थांबवा म्हणून."

"सांगितलं की."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, का? गाडीला काय झालंय?"